बावला खून खटला: मलबार हिल, इंदूर आणि नंतर वाचायची पुस्तकं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी भरकटलो होतो, ते थोडं आवरून घेतलंय. सगळं नाही आवरलं, कारण मग ते माझं वाटणार नाही.

यावेळी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची मुंबईतली केस, जिची मागणी गेले कित्येक महिने येतेय. दुसरी, एका ताईंनी विचारलेला प्रश्न. त्यांची मुलगी चौदा वर्षांची आहे, आपला पॉडकास्ट ऐकते आणि आता तिला 'अशीच' पुस्तकं हवी आहेत. काय द्यावं, आणि मुळात द्यावं का? प्रश्न वाजवी आहे. आधी केस सांगतो, कारण माझं उत्तर त्या केसमधूनच निघतं.

तारीख १२ जानेवारी १९२५. संध्याकाळची वेळ. मलबार हिलवर हँगिंग गार्डनच्या परिसरात एक स्टुडबेकर गाडी चालली आहे. गाडीत अब्दुल कादर बावला हा पंचविशीतला श्रीमंत व्यापारी आहे. सोबत बावीस वर्षांची मुमताज बेगम, बावलाचा मॅनेजर आणि ड्रायव्हर. मागून लाल रंगाची मॅक्सवेल येते, स्टुडबेकरला अडवते आणि सात-आठ जण खाली उतरतात. त्यांना मुमताज हवी आहे. बावला मध्ये पडतो, त्याला गोळ्या घातल्या जातात. मुमताजला ओढून दुसऱ्या गाडीत कोंबायचा प्रयत्न होतो. ती ओरडते, प्रतिकार करते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर वार केले जातात.

आणि इथे या केसमधला सगळ्यात सिनेमॅटिक योगायोग घडतो. गोल्फ खेळून हॉटेलवर परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी चुकीच्या वळणावर वळतात आणि थेट या झटापटीत येऊन पोहोचतात. त्यांच्यातला लेफ्टनंट सेगर्ट सरळ हाणामारीत घुसतो. हातात काय, तर गोल्फची स्टिक! त्याला गोळी लागते, पण अधिकारी मुमताजला सोडवतात आणि शफी अहमद नावाचा हल्लेखोर जागेवरच पकडला जातो. बावला वाचत नाही.

या केसवर जिथे जिथे काही वाचाल किंवा पाहाल तिथे ही गोल्फ स्टिक असतेच. मी तरी कुठे टाळली? पण एक गोष्ट लक्षात घ्या. ती गाडी चुकीच्या वळणावर वळली नसती तर हा 'बावला खून खटला' उभाच राहिला नसता. मलबार हिलवर एक व्यापारी अज्ञात लोकांच्या हल्ल्यात मेला आणि एक बाई गायब झाली, एवढीच बातमी उरली असती. बाई इंदूरच्या एखाद्या वाड्यात, आणि वाड्याच्या आत ब्रिटिश मुंबईच्या पोलिसांना जायची सोय नाही.

आता इंदूर. बऱ्याच तरुण श्रोत्यांना इंदूर म्हणजे पोहे आणि सराफा एवढंच माहीत असतं, म्हणून सांगतो. होळकरांचं इंदूर हा मराठी माणसाचा आतलाच विषय होता. १९१७ चं मराठी साहित्य संमेलन तिथे झालं होतं. दरबार मराठी, सरदार मराठी. त्यामुळे या खटल्यातली नावं वाचताना ती परकी वाटत नाहीत. आरोपींमध्ये फणसे, दिघे, पोंडे अशी आडनावं आहेत. त्या वेळी गादीवर होते तुकोजीराव होळकर, तिसरे. त्यांच्या वडिलांनी, शिवाजीरावांनी, १९०३ मध्ये गादी सोडली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. पूर्ण अधिकार मिळाले १९११ मध्ये.

मुमताज याच दरबारातली. नाचगाण्याच्या परंपरेतल्या घरातली मुलगी, राजाच्या मर्जीतली. मर्जी हा शब्द फार गुळगुळीत आहे हो. तिने मुंबई हायकोर्टात जे सांगितलं त्याचा सारांश असा, की तिच्यावर कायम पहारा असायचा. नातेवाईक भेटायला येऊ शकत, पण कुणीतरी सोबत असेच. तिला मूल झालं, मुलगी. ती बाळ असतानाच गेली. मुमताजचं म्हणणं होतं की नर्सेसनी तिला मारलं, आणि म्हणूनच तिला इंदुरात राहायचं नव्हतं. काही महिन्यांत तिने इंदूर सोडलं आणि अमृतसर गाठलं, जिथे तिच्या आईचं मूळ होतं. माणसं तिथेही मागे आली. मग ती मुंबईला आली आणि बावलाच्या आश्रयाला राहिली. बावलालाही निरोप गेले, या बाईला सोड नाहीतर परिणाम वाईट होतील. त्याने ते मनावर घेतलं नाही.

इथे थांबून एक साधं गणित करा. खटल्याच्या न्यायाधीशांनी, जस्टिस क्रम्प यांनी, म्हटलं की ही बाई दहा वर्षं इंदूरच्या महाराजांची रखेल होती. रखेल हा त्या काळचा शब्द. तिचं वय २२. पळून आल्यानंतरचा काळ वजा करा, मग दहा वर्षं वजा करा. काय उरतं? बारा, फार तर. मी ही वजाबाकी पहिल्यांदा केली तेव्हा आकडे परत तपासले, कारण इतक्या लेखांत 'सुंदरी', 'मोहिनी', 'प्रेमत्रिकोण' असे शब्द वाचले होते की हे कुणी मोठ्याने का म्हणत नाही ते कळेना. बारा वर्षांच्या मुलीचा कसला प्रेमत्रिकोण?

तपासाचा भाग मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. शफी अहमद हाती लागल्यावर धागा इंदूरपर्यंत गेला आणि एकामागून एक माणसं पकडली गेली. त्यातले बहुतेक इंदूर संस्थानाचे नोकर निघाले. आणि बहुतेकांनी साधारण एकाच सुमारास रजा टाकलेली. आता तुम्ही कुठल्याही कंपनीत काम करत असाल तर तुम्हाला माहीत आहे, माणूस काय बोलतो त्यापेक्षा लॉग काय सांगतो ते बघायचं. प्रॉडक्शन कोसळलं की आम्ही आधी टाइमस्टॅम्प जुळवतो. इथे १९२५ मध्ये रजेचे अर्ज हाच लॉग होता. वेगवेगळ्या हुद्द्यांची माणसं, एकाच वेळी रजेवर, आणि सगळी नेमकी मुंबईत. कबुलीजबाब बदलता येतो, रजेच्या अर्जावरची तारीख बदलायला जरा कष्ट पडतात.

मुंबईचे पोलीस कमिशनर होते पॅट्रिक केली. प्रकरण संस्थानिकाच्या दारात जातंय म्हटल्यावर वरून दबाव आला आणि केलींनी राजीनाम्याची भाषा केली, असं सांगितलं जातं. खटला १९२५ च्या उन्हाळ्यात हायकोर्टात चालला आणि वकिलांची फौज बघण्यासारखी होती. सरदार आनंदराव फणसे हे इंदूरच्या सैन्यातले वरिष्ठ अधिकारी, त्यांच्या बचावाला मोहम्मद अली जिना उभे होते. कलकत्त्याहून जे. एम. सेनगुप्ता आले होते. सरकारच्या बाजूने अ‍ॅडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा. म्हणजे पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या इतिहासातली माणसं एका खोलीत बसून एका बाईच्या जबाबावर उलटसुलट प्रश्न करतायत. निकालात तिघांना फाशीची शिक्षा झाली, इतर काहींना जन्मठेप, काही सुटले. फणसे फाशीतून वाचले. अपील थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि फेटाळलं गेलं.

पण हुकूम कुणी दिला? क्रम्प यांनी स्पष्ट सांगितलं की या कटामागे आणखी माणसं आहेत, पण ती नेमकी कोण हे कोर्टाला बोट ठेवून सांगता येत नाही. आणि त्याच वेळी हेही म्हटलं, की इतकी वर्षं इंदूरच्या राजाकडे राहिलेल्या बाईला पळवायचा प्रयत्न झाला तर संशयाने इंदूरकडे पाहणं अजिबात गैर नाही. न्यायाधीश याहून पुढे जाऊ शकत नव्हते. संस्थानिकावर ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कोर्टात खटला चालत नसे.

मग सरकारने काय केलं? यासाठी पन्नास वर्षं मागे जाऊन बडोद्याला यावं लागतं. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांवर आरोप होता की त्यांनी रेसिडेंट कर्नल फेअरला विष घालायचा प्रयत्न केला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. निकाल फुटला तीन-तीन. इंग्रज म्हणाले दोषी, हिंदी म्हणाले सिद्ध झालं नाही. सरकारने मल्हाररावांना तरीही काढलं, कारण दाखवलं गैरकारभाराचं. त्यावर देशभर जो गदारोळ झाला तो इंग्रज विसरले नव्हते. उघड चौकशी म्हणजे साक्षी, वर्तमानपत्रं, आणि शेवटी कदाचित पुन्हा तीन-तीन.

म्हणून तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले. कमिशनला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या, नावे गादी सोडली. सोडताना लेखी म्हटलं की मलबार हिलच्या प्रकरणात माझा जो संबंध जोडला जातोय त्याची यापुढे चौकशी होणार नाही या समजुतीवर मी हे करतोय.

बऱ्याच ठिकाणी ही केस 'एका खुनाने राजाची गादी गेली' अशी सांगितली जाते. थंबनेलला छान आहे. मला ते पटत नाही. माझ्या मते गादी ही किंमत होती आणि चौकशी न होणं हा माल होता. दोन्ही पक्षांना हवं ते मिळालं. सरकारला तमाशा टाळता आला, महाराजांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही. त्या व्यवहारात गप्प झाला तो मुमताजचा दुसरा आरोप, बाळाचा. मलबार हिलवरच्या हल्ल्यासाठी कोर्ट होतं. इंदूरच्या वाड्यात जन्मलेल्या मुलीच्या मृत्यूसाठी मुंबईचं कोर्ट नव्हतंच, आणि जी एक चौकशी तिथपर्यंत कदाचित पोहोचली असती तीच रद्द झाली. तुकोजीराव दोषी होते असं मी म्हणत नाही, कारण ते कधी ठरवलंच गेलं नाही. नेमकी तक्रार तीच आहे.

पुढचं झटपट सांगतो. तुकोजीरावांनी १९२८ मध्ये नॅन्सी अ‍ॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. तिने हिंदू धर्म स्वीकारला, शर्मिष्ठादेवी नाव घेतलं, आणि त्यावरूनही वर्तमानपत्रांनी वर्षभर पोट भरलं. ते जगले १९७८ पर्यंत. खटल्याच्याच वर्षी, १९२५ मध्ये, कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनात 'कुलीन कांता' नावाचा मूकपट या प्रकरणावरून काढला. म्हणजे ट्रू क्राइमचा धंदा आम्ही पॉडकास्टवाल्यांनी शोधला असा ज्यांचा समज असेल, त्यांनी तो सोडावा. मुमताजला हॉलिवूडच्या ऑफर आल्या, नंतर ती अमेरिकेला गेली आणि लोकांच्या नजरेआड झाली. यावर लोक हळहळतात, मला मात्र बरं वाटतं. जन्मभर जिच्यावर पहारा होता तिला शेवटी कुणाला सापडायचं नव्हतं, तर नको सापडू दे.

नाव बघा ना. केस बावलाच्या नावाने. साहजिक आहे, खून त्याचा झाला, आणि त्याने धमक्यांना भीक घातली नाही याची किंमत त्याने मोजली, ते कमी लेखायचं नाही. पण हल्ला तिच्यासाठी होता, चेहऱ्यावर वार तिने सोसले, कोर्टात उभी राहून एका संस्थानिकाविरुद्ध बोलली ती. १९२५ मध्ये. जिनांसारख्या वकिलांसमोर.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. द्यावं का? मी म्हणेन द्या. चौदा वर्षांच्या मुलीपासून या गोष्टी लपवून काय साधणार, मुमताज तर त्याहून लहान होती. फक्त गोष्ट कुणाच्या खांद्यावरून सांगितली जातेय ते बघून द्या. खुनी किती हुशार, किती देखणा, किती थंड डोक्याचा, यात रमणारी पुस्तकं मी बाजूला ठेवतो. ज्यात कुणीतरी 'हे असंच झालं कशावरून?' असं विचारतं, ती पुढे करतो.

पहिलं नाव हॉली जॅक्सनचं 'ए गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'. २०१९ चं. पिप नावाची शाळकरी मुलगी प्रोजेक्टसाठी आपल्याच गावातली पाच वर्षांपूर्वीची बंद केस उघडते. अँडी बेल ही मुलगी गायब, आणि तिचा मित्र सॅल सिंग याला गावाने गुन्हेगार ठरवून टाकलंय. तो मेला आहे, त्यामुळे बाजू मांडायला नाही. मुलाचं आडनाव सिंग आहे आणि गाव इंग्लंडमधलं आहे, बाकी तुम्ही समजून घ्या. पुस्तकात मुलाखतींची टिपणं, नोंदी, नकाशे असं सगळं आहे, त्यामुळे वाचायचा कंटाळा करणारी पोरंही वाचतात. सिरीज आली आहे, पण पुस्तक आधी. पुढचे भाग बरेच काळोखे होत जातात, तिसरा तर सोळाच्या आत नको.

मॉरीन जॉन्सनचं 'ट्रूली डेव्हियस' (२०१८) हे आजच्या भागाला जास्त जवळचं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली निवासी शाळा, १९३६ मधलं श्रीमंत माणसाच्या बायको-मुलीचं अपहरण, आणि ती जुनी केस सोडवायला आलेली स्टीव्ही बेल. सूचना: पहिल्या भागात सगळं उलगडत नाही. मी रात्री दोनला शेवटचं पान उलटून चिडलो होतो. तिन्ही भाग एकदम आणा. कॅरन मॅकमॅनसचं 'वन ऑफ अस इज लाइंग' ही बऱ्याच जणांनी सुचवलं. वेगवान आहे, चांगलं आहे, आजच्या विषयाशी मात्र फारसा संबंध नाही.

थोड्या मोठ्यांसाठी, सोळा-सतराच्या पुढे, आपल्याकडच्या इतिहासात घडणारी तीन. सुजाता मॅसीचं 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८). काळ १९२१, टेकडी तीच. पर्वीन मिस्त्री ही पारशी वकील पडद्यात राहणाऱ्या तीन विधवांना भेटायला जाते, कारण पुरुष वकिलाला आत प्रवेशच नाही. हे पात्र कॉर्नेलिया सोराबजींवरून सुचलेलं. मुमताजची केस ऐकून ज्यांना प्रश्न पडला की वाड्याच्या आत काय चालतं हे बाहेर कसं कळणार, त्यांनी हेच आधी वाचावं. दुसरं अबीर मुखर्जीचं 'अ नेसेसरी ईव्हिल'. १९२०, एक काल्पनिक संस्थान, युवराजाचा खून, आणि तपास करणारा इंग्रज अधिकारी ज्याला संस्थानाच्या हद्दीत काहीच अधिकार नाही. केलींची अडचण कादंबरीत बघायची असेल तर ही. तिसरं नेव्ह मार्चचं 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे', राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला त्या १८९१ च्या खऱ्या घटनेवर बेतलेलं. त्या केसवर आपण कधीतरी स्वतंत्र भाग करू.

मराठीत काय, असं दर वेळी विचारलं जातं. लहानांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहेच, तो जुना होत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि धनंजय आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं तर घ्या, पण त्यातल्या बायकांचं चित्रण आज वाचताना खटकेल, मुलीबरोबर बसून वाचा आणि ते बोला. बारा ते सोळा वयासाठी आज लिहिलेली, आजच्या शहरात घडणारी मराठी थ्रिलर मला फारच कमी सापडतात. तुम्हाला माहीत असतील तर कळवा, पुढच्या भागात नावं वाचून दाखवतो.

आणि खुद्द या केसवर नीट वाचायचं असेल तर धवल कुलकर्णी यांचं 'द बावला मर्डर केस' (२०२१) हे इंग्रजी पुस्तक आहे. ते मोठ्यांसाठी. वाचताना मुमताजच्या साक्षीचा भाग घाईने ओलांडू नका. गोल्फ स्टिक सगळ्यांच्याच लक्षात राहते.